बुवाची अंडी

नको झालेली गोष्ट त्या घरात फिरून फिरून शेवटी धाकटीच्या वाट्याला यायची. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि धाकटीला सगळ्यांच्या आधी. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा थोरलीचं लग्न होऊन गेलेलं होतं, म्हणून धाकटी राहिली. वडील गेल्यावर आई आठ वर्षं होती, त्यातली शेवटची चार डोळ्यांनी पार अधू. या सगळ्यात धाकटीचं लग्न कुणी मोडलं नाही आणि कुणी ठरवलंही नाही. एखादा कपडा इस्त्रीला टाकायचा राहून जावा तसं ते राहून गेलं. आई गेल्यावर दीड वर्ष तिने दोन खोल्यांत एकटीने काढलं. तेवढ्यात थोरलीचा नवरा अचानक गेला, आणि थोरली दोन बॅगा नि शाळकरी मुलगी घेऊन दारात उभी राहिली. धाकटीने दार पूर्ण उघडलं आणि आपली गादी आतल्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आणली. 

ती कामाला होती तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात. दुकान वर, झगमगीत. धाकटी खाली, तळघरात. तिथे एक लांब टेबल, दोन मशीनं, एक इस्त्री आणि भिंतीला खिळ्यांवर अडकवलेल्या पँटी. वर कुणी पँट घेतली की पाच मिनिटांत ती खाली यायची, पायाशी टाचण्या लावून. धाकटी उसवायची, कापायची, टीप मारायची, दाबून इस्त्री करायची आणि वर पाठवायची. सगळ्या माणसांचे पाय कंपनीने धरलेत त्यापेक्षा आखूड असतात, असा तिचा तीस वर्षांचा अनुभव होता. दुकानात तिला काकू म्हणत. घरी थोरली म्हणायची धाकटे, आणि थोरलीची मुलगी म्हणायची मावशी. तिचं खरं नाव फक्त बँकेच्या पुस्तकात आणि रेशनच्या कार्डावर उरलं होतं.

ही भाची मोठी होऊन स्वयंपाक शिकली आणि तिला प्रवासी जहाजावर नोकरी लागली. निघायच्या आदल्या आठवड्यात ती एक मोठी काचेची पेटी दोन्ही हातांनी सांभाळत वर घेऊन आली. आत सरडा. साधा कुंपणावरचा नव्हे. हातभर लांब, वाळूच्या रंगाचा, अंगावर काटे, डोकं त्रिकोणी, आणि हनुवटीखाली काट्यांची झालर. याला बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे दाढीवाला ड्रॅगन म्हणतात, असं तिने सांगितलं. एका मैत्रिणीकडून दोन वर्षांपूर्वी घेतला होता, वसतिगृहात लपवून पाळला होता.

"सहा महिनेच गं मावशी," ती म्हणाली. "अजिबात त्रास देत नाही. सकाळी दिवे लावायचे, संध्याकाळी बंद करायचे. भाजीची पानं, आणि आठवड्यातून तीनदा रातकिडे."

"रातकिडे कुठून आणायचे?"

"मिळतात दुकानात. डब्यातून."

थोरली आतल्या खोलीतून म्हणाली, "म्हणजे सरड्याला किडे पाळायचे, आणि किड्यांना काय पाळायचं?"

मग बाहेर येऊन सरड्याच्या दाढीकडे बघत ती म्हणाली, "बुवा दिसतोय नुसता. मठातला." आणि नाव पडलं ते पडलंच. बुवा.

सहा महिन्यांचं वर्ष झालं, वर्षाची दोन. भाची दर रविवारी फोन करायची, आधी बुवाची चौकशी, मग आईची, मग मावशीची. करार वाढला की सांगायची, मावशी, फक्त अजून एकदा. धाकटी म्हणायची, बरं. धाकटीचं हे 'बरं' म्हणजे घरातला न झिजणारा शिक्का होता, कुठेही उठायचा.

खरं सांगायचं तर बुवाने त्रास दिला नाही. तो दिवसभर दिव्याखाली दगडावर पोट टेकून बसायचा, एक डोळा थोरलीवर ठेवून. थोरली निवृत्त भूगोलाची मास्तरीण, गुडघे गेलेले, दिवसभर घरात. बुवाला नावं ठेवायची, रातकिड्यांच्या किरकिरीने डोकं उठतं म्हणायची. पण जिना चढताना धाकटीला कितीदा तरी थोरलीचा आवाज ऐकू आला होता, पेटीला वर्तमानपत्र वाचून दाखवणारा. कुलपात किल्ली फिरली की आवाज बंद. धाकटीने कधी विषय काढला नाही.

संध्याकाळी धाकटी यायची तेव्हा तिची मान, खांदे, मनगटं अशी भरून आलेली असत की चहाचा कप दोन हातांनी धरावा लागे. ती जमिनीवर भिंतीला टेकून बसायची आणि बुवाला काढून खांद्यावर घ्यायची. दिव्याखालून आलेलं ते अंग गरम असायचं. तो गळ्याशी चिकटून निमूट पडायचा. शेकायच्या पिशवीपेक्षा बरं, असं ती मनात म्हणायची. पिशवीत पाणी तापवून भरावं तरी लागतं.

पहिल्या वर्षाच्या शेवटी बुवा बिघडला. म्हणजे तसं दोघींना वाटलं. नेहमीचा ठोंब्या, तो पेटीचा कोपरा धरून काच खरवडायला लागला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खर्र, खर्र. तीन दिवस पानाला तोंड लावलं नाही. चौथ्या दिवशी कंटाळून थोरलीने त्याला बाहेर मोकळा सोडला, तर तो तडक खिडकीशी ठेवलेल्या तिच्या कोरफडीच्या मोठ्या कुंडीत चढला आणि पुढच्या पायांनी माती उपसायला लागला. थोरलीचे गुडघे तिला धावू देईनात. ती खुर्चीवरून ओरडत राहिली आणि माती लादीवर उडत राहिली. धाकटी आली तेव्हा अर्धी कुंडी रिकामी होती, कोरफड आडवी, आणि बुवा खड्ड्यात शेपूट घालून डोळे मिटून बसला होता. तासाभराने त्याने स्वतःच माती लोटून खड्डा बुजवला, वर डोक्याने थापटला, आणि पोट खपाटीला गेलेला असा बाहेर आला.

धाकटीने बोटाने माती उकरली. पांढरी, मऊ, चामड्यासारख्या कवचाची अंडी. एकामागून एक बावीस.

"ताई," ती म्हणाली, "बुवा बाई आहे."

थोरलीने खुर्चीवरून वाकून अंडी मोजली. मग म्हणाली, "पण घरात दुसरा सरडा नाही."

"कोंबडी नाही का देत, कोंबड्याशिवाय?"

रविवारी फोनवर भाची पोट धरून हसली. ती अंडी नुसतीच, त्यातून पिल्लं येणार नाहीत, फेकून दे, आणि तिला जरा कॅल्शियमची पूड जास्त घाल, असं सांगून तिने फोन ठेवला. घरात नाव तेच राहिलं, फक्त क्रियापद बदललं. बुवा आली, बुवा जेवली, बुवा आज रुसली आहे. व्याकरणाचा कंटाळा असल्यासारखी थोरली कधीकधी जुनंच वापरायची, आणि मग स्वतःला दुरुस्त करायची.

पुढच्या वर्षी धाकटीच्या दुकानात मंदीचं निमित्त काढून खालच्या दोघींपैकी एकीला घरी पाठवलं. राहिली धाकटी. दोन मशीनं तशीच, कामही तेवढंच, बाई एक. मालक वाईट नव्हता. "काकू, तुम्ही आहात म्हणून मला काळजी नाही," असं तो दर दोन दिवसांनी जिन्यावरून वाकून सांगायचा, आणि ते सांगताना हातातल्या आणखी चार पँटी खाली सोडायचा. त्या दिवसांत धाकटी घरी येऊन चहा न पिताच भिंतीला टेकून झोपी जायची. पेटीतले दिवे वेळेवर लागत होते, पानं पडत होती, पूड भुरभुरली जात होती. हात आपले आपण करत होते. बघत कोणी नव्हतं.

म्हणून बुवाने पुन्हा काच खरवडली तेव्हा धाकटीने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग खरवडणं थांबलं, तेव्हा तिला बरंच वाटलं.

मंगळवारी ती घरात पाऊल ठेवते न ठेवते तोच थोरली म्हणाली, "तिच्याकडे बघ जरा."

"काय झालं?"

"काही नाही. तेच. सकाळपासून हललीच नाही. मी पेपर घेऊन बसले तरी डोळा उघडला नाही." एवढ्या दिवसांचं गुपित आपण सांगून बसलो, हे थोरलीच्या लक्षातही आलं नाही.

धाकटीने बुवाला उचललं. पोट दोन्ही बाजूंनी फुगलं होतं, आणि कातडीखाली बोटाला गोट्यांसारखं लागत होतं. दाढी काळी पडली होती, शाई सांडल्यासारखी. आणि पायांची बोटं थरथरत होती, अगदी बारीक, शिवणयंत्र चालू असताना टेबलावरची टाचणी थरथरावी तशी.

"काच किती दिवस खरवडत होती?"

"आठ-दहा दिवस. तुला सांगितलं होतं मी."

सांगितलं होतं. धाकटीला ते आठवलं, आणि आपण "बरं" म्हणालो होतो हेही आठवलं.

संध्याकाळभर थोरलीने फोन केले. कोपऱ्यावरचे जनावरांचे डॉक्टर म्हणाले, कुत्रं-मांजर आणा, सरडा माझ्या हातात देऊ नका, मला त्यातलं कळत नाही. त्यांनी एका बाईंचा नंबर दिला. त्या शहराच्या दुसऱ्या टोकाला बसत, आणि पक्षी, कासवं, सरपटणारे प्राणी असलं सगळं बुधवारी बघत. म्हणजे दुसऱ्याच दिवशी.

सकाळी धाकटीने मालकाला फोन केला.

"काकू, आज? आज तर लग्नाच्या कोटांची सगळी ऑर्डर आहे. कोण आजारी आहे, ताई का?"

"नाही. घरातला सरडा आहे. अंडी अडलीत."

 धाकटीला हे सांगताना लाज वाटायला हवी होती, पण तिला नुसता थकवा आला. मालक म्हणाला, "सरड्यासाठी सुट्टी?"

"तुमच्याकडे आल्यापासून अकरा वर्षांत पहिली मागतेय," ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता फोन ठेवला. तिने असा फोन यापूर्वी कधी ठेवला नव्हता. ठेवून झाल्यावर ती त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिली, तो पुन्हा वाजेल म्हणून. वाजला नाही.

बुटांच्या खोक्यात जुना टॉवेल, त्याखाली गरम पाण्याची बाटली, वर बुवा. थोरली म्हणाली, मीही येते. धाकटी म्हणाली, तुझे गुडघे. थोरली म्हणाली, गुडघे माझे आहेत. मग दोघी बसने निघाल्या, दोनदा बदलून. खोक्याला धाकटीने वरून भोकं पाडली होती. शेजारच्या बाईने विचारलं, केक आहे का. थोरली म्हणाली, हो.

डॉक्टरीण तरुण होती, केस आखूड, बोलणं नेमकं. तिने बुवाच्या पोटावरून बोट फिरवलं, तोंड उघडून पाहिलं, जबडा हलकेच दाबून पाहिला, आणि एक्स-रे काढला. पडद्यावर बुवाच्या फासळ्यांखाली अंडी द्राक्षाच्या घडासारखी खचाखच बसलेली दिसली.

"घरात माती ठेवली होती का? ओली, खोल, जिच्यात ती खणू शकेल अशी?"

"पेटीत कागद असतो. मागच्या वेळी कुंडीत घातली होती."

"जागा मनाजोगती मिळाली नाही की त्या धरून ठेवतात. धरून ठेवतात आणि मग सोडता येत नाहीत." तिने लिहिता लिहिता विचारलं, "उन्हाचा दिवा आहे ना? जांभळट, लांब नळीचा? तो कधीचा?"

"भाची गेली तेव्हापासूनचा. दोन वर्षं होऊन गेली."

"बदलला नाही?"

"चालू आहे की. एक दिवस बंद पडला नाही. दर रविवारी मी पुसते तो."

डॉक्टरीण पेन खाली ठेवून म्हणाली, "दिसतो चालू. प्रकाश येत राहतो, पण उन्हातलं जे लागतं ते वर्षाच्या आतच त्यातून संपतं. ते नसलं की खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही. तुम्ही पूड घालत होतात, ती तशीच बाहेर जात होती. आणि कवचं बनवायला शरीराने हाडांतलं काढून घेतलं. आता अंडी बाहेर ढकलायला स्नायूंत जोरच नाही. ही थरथर त्याचीच आहे."

 थोरली म्हणाली, "म्हणजे चूक आमची."

"चूक तुमची नाही असं मी म्हणणार नाही," डॉक्टरीण म्हणाली. "पण माझ्याकडे येणारे बहुतेक हीच चूक करून येतात. दिवा जळत असला की कुणाला शंका येत नाही."

तिने कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली पाणी भरलं, आणि सांगितलं की दोन दिवस बघू. नवा दिवा, कोमट पाण्यात शेक, आणि एक मोठा टब, वीतभराहून खोल ओल्या माती-वाळूचा. अंधार आणि शांतता. नाही झालं तर शुक्रवारी पोट उघडावं लागेल.

गुरुवारी धाकटी कामावर गेलीच नाही, आणि तिने कळवलंही नाही. कपडे धुवायच्या जुन्या टबात तिने माती आणि वाळू कालवली. मूठ दाबली की लाडू व्हावा पण पाणी गळू नये, एवढी ओल, असं डॉक्टरणीने सांगितलं होतं. थोरली खुर्चीवर बसून मुठी करून बघत होती आणि पाणी घाल, नको घाल, सांगत होती. मातीत बुवाला ठेवल्यावर थोरलीने स्वतःच्या पलंगावरची चादर काढली आणि टबावर अशी पांघरली की आत कुणाची सावलीही पडू नये.

"दोघी डोळे लावून बसल्यावर तिला कसं जमायचं?" ती म्हणाली. "चल आत."

दोघी आतल्या खोलीत जाऊन बसल्या. बाहेर बराच वेळ काही नव्हतं. मग माती खरवडल्याचा आवाज आला, थांबला, पुन्हा आला. तिसऱ्या प्रहरी धाकटीने चादरीचं टोक उचलून पाहिलं. खड्डा अर्धवट होता, आत पाच अंडी, आणि बुवा खड्ड्याच्या काठावर हनुवटी टेकून पडलेली. पोट अजून गच्च. धाकटीने तिला कोमट पाण्यात धरलं. पाण्यात तिचे पाय नुसते लोंबत राहिले.

शुक्रवारी सकाळी दोघी पुन्हा त्याच बसने गेल्या. या वेळी खोक्यात काय आहे हे कुणी विचारलं नाही. डॉक्टरणीने बुवाला हातात घेतलं आणि म्हणाली, आता थांबण्यात अर्थ नाही. अंडी आणि अंडाशय, दोन्ही काढते, म्हणजे पुन्हा ही वेळ येणार नाही. भूल देणं धोक्याचं आहे, कारण ती फार अशक्त आहे. न करणं त्याहून धोक्याचं. प्राणी तुमचा का?

"भाचीचा," धाकटी म्हणाली.

"मग त्यांना विचारता का?"

दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून धाकटीने भाचीला फोन लावला. जहाज कुठल्याशा बंदरात होतं. मागे भांड्यांचा आवाज येत होता. भाचीने सगळं ऐकून घेतलं. तिचा आवाज रडवेला झाला, आणि मग ती म्हणाली, "मावशी, नको करूस ऑपरेशन. तुला किती त्रास. आधीच तुझी नोकरी, आईचे गुडघे, त्यात हे पुढचं सगळं तूच करणार. जाऊ दे तिला. शेवटी सरडाच आहे."

ती हे मायेनं म्हणत होती, हे धाकटीला कळत होतं. आणि तरीही तिच्या छातीत काहीतरी टिपेवरून उसवलं.

"ठेवून गेलीस तेव्हा नाही म्हणालीस, सरडाच आहे."

"मावशी..."

"तेव्हा म्हणालीस, अजिबात त्रास देत नाही. आता त्रास होतोय तर जाऊ दे. मला विचारून ठेवला होतास का? कुणीच मला विचारून काही ठेवत नाही. ठेवतात, आणि मग मला त्रास होतो म्हणून हळहळतात." तिचा आवाज चढला नव्हता. ती तळघरात कपड्यांशी बोलते त्याच आवाजात बोलत होती. "ऑपरेशन होईल. तुला सांगायला फोन केला, विचारायला नाही."

वर येऊन तिने कागदावर सही केली. प्राण्याच्या मालकाच्या रकान्यात तिने स्वतःचं नाव लिहिलं, पूर्ण नाव. लिहिताना ते कुणा दुसऱ्याचं असावं असं वाटलं.

बाहेरच्या बाकावर थोरली पाय लांब करून बसली होती. समोर एक माणूस पिंजऱ्यात पोपट घेऊन बसला होता, आणि पोपट दर मिनिटाला त्या माणसासारखाच खोकत होता. दोघी बहिणी बराच वेळ तो खोकला ऐकत राहिल्या.

मग धाकटी म्हणाली, "काल तिला पाण्यात धरलं होतं ना, तेव्हा एक क्षण वाटलं, गेली तर सुटेन."

थोरलीने मान वळवली नाही.

"एकच क्षण," धाकटी म्हणाली. "पण वाटलं."

"आईच्या वेळी मला वाटलं होतं," थोरली म्हणाली. "सगळं तूच करत होतीस. मी महिन्यातून एकदा यायचे, फळं घेऊन. आणि तरी तुझा फोन आला की आधी वाटायचं, झालं का एकदाचं. तुला वाटलं असतं तर तुला काही हक्क तरी होता. मला कसला?"

 इतक्या वर्षांत थोरलीने आईच्या त्या दिवसांचा विषय काढलेला नव्हता.

"आणि आता," थोरली पुढे म्हणाली, "मी तुझ्याकडे आहे. माझ्याबद्दल तुला काय वाटतं ते मी विचारणार नाही. सांगूही नकोस."

"काही वाटत नाही," धाकटी म्हणाली. मग म्हणाली, "रेडिओ फार मोठा लावतेस, तेवढं वाटतं."

थोरली हसली नाही, पण तिने धाकटीच्या हातातलं रिकामं खोकं घेतलं आणि आपल्या मांडीवर ठेवलं.

दीड तासाने डॉक्टरीण बाहेर आली. एका स्टीलच्या ताटलीत तिने त्यांना काढलेलं दाखवलं. सोळा अंडी, त्यातली दोन कवचाला कवच चिकटलेली, आणि बाकी पिवळ्या मण्यांचा लगदा. बुवा जगली होती. पण शुद्धीवर यायला तिने संध्याकाळ केली, आणि घरी न्यायला रविवार उजाडला.

ती घरी आली तेव्हा तिच्या पोटावर उभी शिवण होती. धाकटीने ती निरखून पाहिली. कातडीच्या कडा बाहेरच्या बाजूला उलटवून टाके घातले होते. कापडाला असं करत नाहीत. सरड्याच्या कातडीला असंच करावं लागतं, म्हणजे कात टाकताना जखम नीट भरते, असं डॉक्टरणीने सांगितलं होतं. टाके सारखे, एका अंतराने होते. बाईचा हात चांगला आहे, असं धाकटीने थोरलीला सांगितलं. तिच्या तोंडून एवढी स्तुती कुणाच्या शिवणाची सहसा व्हायची नाही.

पुढचे सहा आठवडे सोपे गेले नाहीत. बुवा आपण होऊन खात नव्हती. दिवसातून तीनदा बिनसुईच्या सिरिंजने पातळ लगदा तोंडात सोडायचा, थेंब थेंब. एक थेंब घ्यायला ती पाच मिनिटं लावायची. सकाळचं आणि संध्याकाळचं धाकटी करायची. दुपारचं कोण करणार हा प्रश्न धाकटीच्या डोक्यात आला, आणि नेहमीप्रमाणे ती त्याचं उत्तर स्वतःमध्येच शोधायला लागली: जेवणाच्या सुट्टीत बस पकडून आलो तर. तेवढ्यात थोरलीने तिच्या हातातून सिरिंज घेतली.

"दाखव कसं धरायचं."

"तुला किळस येते ना?"

"येते. दाखव."

पहिल्या दिवशी थोरलीने अर्धा लगदा बुवाच्या दाढीला फासला. चौथ्या दिवशी जमलं. दुसऱ्या आठवड्यापासून ती वेळ, थेंब, शी झाली की नाही, हे सगळं शाळेतल्या हजेरीपटासारखं वहीत टिपायला लागली, आणि धाकटी आली की वाचून दाखवायची. पेपरही वाचायची, आता दार उघडं असलं तरी. भाचीने नवा दिवा पाठवला, सोबत पुढच्या दिव्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी. ती दोन रविवार फोनवर जरा दबकून बोलली. तिसऱ्या रविवारी म्हणाली, करार पुन्हा वाढवायचं म्हणतात, मावशी, पण आधी तुला विचारते. धाकटी म्हणाली, विचार करून सांगते. आणि तिने खरोखरच आठवडाभर विचार केला. मग सांगितलं की वाढव, पण बुवा आता माझी. आलीस की भेटायला ये.

सातव्या आठवड्यात बुवाने स्वतः मान वळवून थोरलीच्या बोटांतला एक रातकिडा उचलला. थोरलीने वहीत वेळ लिहिली आणि चष्मा काढून पुसला.

मालकाने धाकटीला कामावरून काढलं नाही. तीन दिवसांत खाली पँटींचा जो ढीग साचला होता तो पाहून त्याने जे काय समजायचं ते समजून घेतलं होतं. धाकटीने त्याला सांगितलं, दर बुधवारी दुपारी बारानंतर मला जावं लागेल, तपासणी असते. सरपटणारे प्राणी बुधवारीच बघतात. मालकाने दुसऱ्या मशीनवर आठवड्यातून तीन दिवस एक बाई ठेवली.

सात बुधवार धाकटी बुवाला घेऊन गेली. आठव्या बुधवारी डॉक्टरणीने टाके काढले, पोट दाबून पाहिलं, आणि म्हणाली, आता यायची गरज नाही. पायात थोडा अशक्तपणा कायमचा राहील, पण हिचं आयुष्य आहे अजून.

पुढच्या बुधवारी बाराच्या सुमाराला धाकटीने मशीनवर कव्हर घातलं, पर्स घेतली आणि जिना चढून वर आली. मालक गल्ल्यापाशी उभा होता.

"कशी आहे बुवा?" त्याने विचारलं. तोही आता नीट क्रियापद वापरायला लागला होता.

"अशक्त आहे अजून," धाकटी म्हणाली.

ती बाहेर पडली. बस आली, तिच्या घराकडे जाणारी, अर्धी रिकामी. खिडकीशी जागा मिळाली. घरी पोचल्यावर तिने चहा केला नाही, कुणाला काही विचारलं नाही. आतल्या खोलीत थोरलीच्या पलंगावर ती आडवी झाली. थोरलीने रेडिओ बारीक केला, बुवाला पेटीतून काढून तिच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, नेऊन ठेवलं, आणि दार लोटून घेतलं. धाकटी साडेपाचपर्यंत झोपली. पुढच्या बुधवारीही ती झोपली, आणि त्याच्या पुढच्याही.